मागच्या खोलीची बेल

बाबांना अख्खा बाजार 'भोंगा' म्हणायचा. भाजीच्या गाड्या लागल्या की ते एका उलट्या क्रेटवर उभे राहून लिलाव पुकारायला लागायचे, तेव्हा म्हणे पलीकडच्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उठून जागा बदलायची. घरातही त्यांना हळू बोलणं जमायचं नाही. जेवताना मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण लागलं. आई होती तेव्हा म्हणायची, "अहो, मी समोरच बसलेय. माझा लिलाव नाही चाललेला."

अशा माणसाचं उजवं अंग एके दिवशी लुळं पडलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. डोकं शाबूत होतं. समोरचा काय बोलतोय ते सगळं कळायचं, डोळ्यांत हसूही यायचं. पण तोंडातून निघायचा तो फक्त एक घोगरा हुंकार, उशाशी बसलेल्यालाच ऐकू येईल एवढा.

मुली दोन. थोरलीचा नवरा टँकरवर ड्रायव्हर, निम्मे दिवस बाहेर. त्यामुळे लग्न झाल्यावरही ती बाबांच्याच घरात राहिली होती. पुढच्या खोलीत मशीन टाकून कामगारांचे गणवेश शिवायची. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली भाड्याने घेऊन एकटी राहायची आणि नेटवर्क बसवून देणाऱ्या एका दुकानात नोकरी करायची. शाळा, हॉटेलं, गोदामं, जिथे लोकांना वायफाय हवं तिथे ही शिडी आणि लॅपटॉप घेऊन हजर. घरात तिला सगळे चिमी म्हणत, आणि तिशी उलटली तरी त्यात फरक पडला नव्हता.

बाबांचं उठवणं, पुसणं, भरवणं, कपडे बदलणं हे सगळं थोरलीच्या अंगावर होतं. धाकटी सुट्टीला यायची, औषधं आणायची, बाबांची नखं कापायची आणि संध्याकाळी निघून जायची. थोरलीने त्यावरून तोंड कधी वाकडं केलं नाही, फार तर म्हणायची, "चिमे, तुझं बरंय. तू आलीस की बाबा खूश, आणि मी दिसले की त्यांना औषध आठवतं."

बाबांना मागच्या खोलीत ठेवलं होतं. मध्ये छोटं अंगण, त्यापलीकडे ही जुनी, जाड भिंतींची खोली. पूर्वी तिथे बाजारातले क्रेट रचून ठेवलेले असत. खोली थंड होती, शांत होती आणि मोरी लागूनच होती, म्हणून सगळ्यांनाच सोयीची वाटली. अडचण एकच होती. बाबांना काही हवं असलं तर सांगायचं कसं? थोरली दर थोड्या वेळाने मशीन थांबवून अंगण ओलांडून जायची, आणि बऱ्याचदा बाबा झोपलेले असायचे. कधी उशीर झाला की चादर ओली झालेली असायची आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"मी करते काहीतरी," धाकटी म्हणाली.

आणि तिने केलं. पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा संगणक आणला, लिनक्सवर चालणारा. त्याच्या पोटात वायफायशी बोलणारं एक वायरलेस होतंच. बाजूला तिने दुसरं लावलं, बोटभर लांब अँटेना असलेली एक कांडी. पोटातलं वायरलेस घरच्या वायफायला जोडून घेणार आणि काही झालं तर फोनवर निरोप पाठवणार. कांडी आपलं स्वतःचं वेगळं जाळं उभं करणार, फक्त दोन गोष्टींसाठी: बाबांच्या हातातलं बटण आणि स्वयंपाकघरातली बेल. कांडीचा जोर मोठा, म्हणून ती जाड भिंतीपार पोचायची. पोटातल्याची धाव जेमतेम अंगणापर्यंत.

थोरलीने त्याला नाव दिलं 'डबी'. स्वयंपाकघरातल्या फळीवर चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ती डबी बसली.

बाबांच्या डाव्या हातात बटण दिल्यावर त्यांनी ते दाबलं. स्वयंपाकघरात बेल अशी कडाडली की थोरलीच्या हातातली पळी खाली पडली. ती धावत आली. बाबांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. अर्ध्या चेहऱ्याने ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा, पुरे हो आता! मला काम करू देणार आहात की नाही?" थोरली कमरेवर हात ठेवून म्हणाली. पण तीही हसत होती. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणीतरी मोठ्याने काहीतरी मागितलं होतं.

एक काम मात्र राहिलं. ते काय होतं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

असा संगणक चालू झाला की त्याला जोडलेली वायरलेस एकेक करून सापडतात. जे आधी सापडेल त्याला तो पहिलं म्हणतो, मागून येईल त्याला दुसरं. धाकटीने सगळी मांडणी या नावांवर केली होती: पहिल्याने घरच्या वायफायला जायचं, दुसऱ्याने बटणासाठी जाळं उभं करायचं. पोटातलं आधी सापडायचं, कांडी नंतर, त्यामुळे सगळं सुरळीत होतं. पण वीज जाऊन आल्यावर एखाद्या वेळी कांडी आधी जागी झाली, तर नावांची अदलाबदल होते आणि ज्याचं काम त्याच्याकडे राहत नाही. यावर उपाय आहे, आणि तो अवघडही नाही. प्रत्येक वायरलेसला कारखान्यातूनच एक नंबर दिलेला असतो, तो बदलत नाही. मांडणी नावाऐवजी त्या नंबराला बांधून टाकायची, की झालं.

दुकानाच्या कामात ती हे न चुकता करायची. मालकाने पहिल्याच महिन्यात तिला त्यावरून फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून तिच्या हातून ते कधी सुटलं नाही. त्या दिवशीही ती लॅपटॉप उघडून त्याच कामाला बसणार होती. तेवढ्यात थोरलीने ताट वाढलं, बाबांनी बेल वाजवली, मग शेवटची बस निघायची वेळ झाली. पुढच्या खेपेला करू, असं म्हणून तिने लॅपटॉप मिटला.

पुढच्या खेपेला बाबांना ताप होता. त्याच्या पुढच्या वेळी राउटर बदलायचं होतं. मध्यंतरी वीज बऱ्याचदा जाऊन आली आणि बेल दर वेळी खणखणीत वाजली. वाजतेय ना, मग हात कशाला लावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं. डबी रोज दुपारी तिच्या फोनवर 'सर्व ठीक' असा निरोप पाठवायची. तो वाचला की ती निर्धास्त व्हायची.

ज्या दिवशी घडलं, तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. सकाळी थोडा वेळ वीज गेली आणि आली. थोरलीने बाबांना भरवलं, तोंड पुसलं, हातात बटण दिलं आणि गणवेशांचा गठ्ठा संपवायला मशीनवर बसली. रेडिओ लावला होता. धाकटी एका शाळेच्या छताखाली शिडीवर उभी राहून वायर ओढत होती. खिशात फोन थरथरला. 'सर्व ठीक.' तिने तो परत खिशात टाकला.

नंतर थोरलीचा फोन आला, तेव्हा ती अजून शिडीवरच होती.

"चिमे," थोरली म्हणाली. पुढे नुसता श्वास ऐकू येत होता. मग मागून कुणा शेजारणीने फोन घेतला आणि सांगितलं.

बाबांना झोपेत उलटी झाली होती. पाठीवर झोपलेले, एका अंगात बळ नाही, कुशीवर वळता आलं नाही. थोरली दुपारचं औषध द्यायला गेली तेव्हा अंग गार पडायला लागलं होतं. बटण डाव्या मुठीत होतं आणि अंगठा त्याच्यावर घट्ट रोवलेला. तो सोडवायला तिला जोर लावावा लागला.

डॉक्टर म्हणाले, "कुणी लगेच कुशीवर केलं असतं, तर..." आणि वाक्य अर्धंच सोडून त्यांनी बॅग बंद केली. ते पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. अर्ध्या वाक्याला थोरली रात्रंदिवस शेपूट जोडत बसली.

लोक भेटायला येऊ लागले. बाबांची बहीण, आत्या, येऊन तिथेच मुक्कामाला राहिली. ती भोंग्याचीच बहीण. तिचं कुजबुजणंही दारापर्यंत पोचायचं.

"बटण हातात होतं म्हणे. दाबून दाबून जीव गेला माझ्या भावाचा. आणि ही बाई टरटर मशीन चालवत बसलेली! वर रेडिओ!"

थोरली स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकायची. कुणी विचारलं तर स्वतःच सांगायची, "मशीन चालू होतं. मला ऐकू आलं नाही." पोलिसांपुढे जबाब द्यावा तसं, तेच शब्द, त्याच क्रमाने.

एकदा तिने धाकटीला विचारलं, "तुला निरोप आला होता का गं फोनवर? बाबांनी दाबलं तेव्हा?"

"नाही, ताई."

"मग नेट गेलं असेल," भावोजी म्हणाले. टँकर अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून ते परतले होते. "सकाळी वीज गेली होती ना."

तिथेच तो विषय संपला. धाकटीच्या मनात मात्र एक काटा रुतून राहिला. नेट गेलं नव्हतं. 'सर्व ठीक' आलं होतं.

लोकांचं येणं थांबल्यावर ती एका दुपारी डबी काढून न्यायला आली. पुढच्या खोलीत शिरल्याबरोबर तिला काहीतरी रिकामं वाटलं. मशीन नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग तेवढे उरले होते.

"विकलं," भावोजी हळू आवाजात म्हणाले. "मी म्हटलं, राहू दे. ऐकेना. आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं."

थोरली आतल्या खोलीत पडून होती. धाकटी स्वयंपाकघरात गेली. फळीवर डबी होती आणि तिचा हिरवा दिवा चालू होता. त्या दिवसापासून तिला कुणी हात लावला नव्हता. बटण मागच्या खोलीच्या खिडकीत होतं. तिने जाऊन ते उचललं आणि उभ्या उभ्याच दाबलं.

काहीच झालं नाही.

तिने पुन्हा दाबलं. मग ती बटण हातात घेऊन अंगणात आली, दाबलं, तरी नाही. स्वयंपाकघराच्या दारात आली आणि दाबलं. बेल कडाडली.

आतून धडपडल्याचा आवाज आला. थोरली केस मोकळे, पदर सुटलेला, अशी दारात येऊन उभी राहिली. "काय झालं? कोण आहे?"

"काही नाही, ताई. मी बघत होते."

थोरली चौकटीला धरून खाली बसली. "बघ की. केवढ्याने वाजते," ती म्हणाली. "आतमध्ये झोपेत होते तरी आली ऐकू. आणि त्या दिवशी मेली मी बहिरी झाले."

सांगायची वेळ तीच होती. तिने लॅपटॉप काढला, डबीत शिरून पाहिलं. पाहायची गरजही नव्हती. कांडी पहिली झाली होती. भिंत भेदायला आणलेली ती कांडी हाताच्या अंतरावरच्या राउटरशी गप्पा मारत बसली होती, आणि पोटातलं ते अशक्त वायरलेस मागच्या खोलीतल्या बटणाला पोचायची धडपड करत होतं. त्या सकाळी वीज जाऊन आली, तेव्हापासून हेच. घरच्या वायफायशी संबंध ठीक होता, म्हणून निरोपही ठीक आला. डबीने खोटं सांगितलं नव्हतं. तिला विचारलंच तेवढं होतं.

तिने वायर उपटली, डबी, बेल आणि बटण पिशवीत टाकलं आणि "येते गं," एवढंच म्हणून बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली.

पुढचे दिवस तिने कसे काढले, तिचं तिलाच माहीत. रोज सकाळी ठरवायची, आज जाऊन सांगायचं. रोज काहीतरी निमित्त निघायचं. ताई सावरू दे, भावोजी घरी असू देत, आत्या एकदाची गावाला जाऊ दे. तिला कळत होतं की ही पण चालढकलच आहे, पहिल्यासारखीच.

मग थोरलीचाच फोन आला. "चिमे, मला कान तपासून घ्यायचेत. सोबत येशील?"

"कान कशाला, ताई?"

"कळू दे तरी एकदाचं. खराब असतील तर खराब म्हणून कळेल."

नाही म्हणायला तिच्याजवळ तोंड नव्हतं. खरं सांगायला होतं, ते तिने उघडलं नाही.

कान तपासायची जागा म्हणजे दवाखान्याच्या टोकाला एक काचेचं कपाट होतं, माणूस बसेल एवढं. तपासणाऱ्या माणसाने थोरलीला आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि तिच्या हातात एक बटण दिलं.

"आवाज आला की दाबायचं, बाई. कितीही बारीक असला तरी. आला असं वाटलं तरी दाबायचं."

धाकटी काचेबाहेर उभी होती. आत थोरलीने डोळे मिटून घेतले होते, बटण दोन्ही हातांत छातीशी धरलं होतं. कपाळावर आठ्या. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा अंगठा खाली जाताना आणि वर येताना दिसत होता. मध्येच बराच वेळ तो हलला नाही, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक वेडी आशा उमटलेली धाकटीने पाहिली. मग अंगठा पुन्हा खाली गेला.

तो माणूस कागद हातात घेऊन आला. चांगली बातमी सांगायची म्हणून हसत होता. "फार छान कान आहेत. तुमच्या वयाला एवढे चांगले मी कमी बघतो."

"शिलाई मशीन चालू असलं," थोरलीने विचारलं, "आणि रेडिओ, तर स्वयंपाकघरातली बेल ऐकू येईल का? मोठी बेल आहे."

"न यायला काय झालं? यायलाच हवी."

"बरं," थोरली म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेरच्या बाकापर्यंत चालत आली आणि बसली. "म्हणजे कान चांगले आहेत. म्हणजे मला ऐकू आलं असणार, चिमे. आलं असणार आणि मी उठले नसेन. एवढी बाही संपवू दे म्हटलं असेन. मला आठवत कसं नाही?"

"ताई, बेल वाजलीच नव्हती."

थोरलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

धाकटीने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. दोन वायरलेस, त्यांची नावं, विजेचं जाणं, राहिलेलं काम. सांगताना मध्ये मध्ये दुकानातले शब्द येत होते, ते ती गिळून साधे शब्द शोधत होती. थोरलीने एकदाही अडवलं नाही. कॉरिडॉरमधून एक बाई फरशी पुसत पुसत आली, तेव्हा दोघींनी पाय वर घेतले आणि ती गेल्यावर परत खाली ठेवले.

"म्हणजे बाबा दाबत होते," थोरली म्हणाली.

"हो."

"आणि इकडे काही वाजत नव्हतं."

"नाही."

"पण त्यांना ते कुठे माहीत होतं?" थोरलीचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यांना वाटलं असेल, बेल वाजतेय आणि ही येत नाहीये."

तिने इतके दिवस या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता. ही बाजू तिच्या ध्यानातच आली नव्हती.

"तुला कधी कळलं?"

"डबी न्यायला आले होते, तेव्हा."

"आणि तरी आज मला इथे घेऊन आलीस." थोरली तिच्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. "मी आत बसून बटण दाबत होते आणि तू काचेतून बघत होतीस."

"ताई, मी..."

"घरी चल. आत्या आहे अजून. तिच्यासमोर सांग."

घरी आत्या आणि भावोजी चहा घेत होते. धाकटीने उभ्यानेच पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा ते आणखी लहान झालं. चार वाक्यांत संपलं. भावोजींनी कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. आत्या उठली, धाकटीजवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"अगं पोरी, रडू नकोस. तू काय मुद्दाम केलंस का? यंत्रच ते, बिघडायचंच कधीतरी. तू तर बापासाठी एवढी धडपडलीस. दुसऱ्या कुणाच्या मुलीने केलं असतं का एवढं?"

"आत्या," थोरली म्हणाली, "मी पण मुद्दाम केलं नव्हतं."

आत्याचा हात थांबला.

"मला तुम्ही काय काय बोललात. आल्यागेल्याला सांगितलंत. माझ्या नवऱ्यासमोर बोललात. आणि हिच्या पाठीवरून हात."

"अगं, पण आम्हाला कुठे ठाऊक होतं तेव्हा..."

"तेव्हा तुम्हाला मशीनचा आवाज तेवढा ठाऊक होता. तेवढ्यावरच बोललात."

"आत्या, माझी बाजू घेऊ नका," धाकटी म्हणाली. "चूक माझीच आहे. यंत्र बिघडलेलं नव्हतं."

"तू गप्प बस," थोरली तिच्यावर ओरडली. तो आवाज थेट बाबांचा होता. सगळेच दचकले, तीही. मग हळू म्हणाली, "तू आता जा, चिमे. मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

ती गेली. थोरलीने बरेच महिने बोलावलं नाही. धाकटी फोन करायची, तो भावोजी उचलायचे. "बरी आहे," म्हणायचे. "जेवते. दुसरं मशीन घेतलंय हप्त्यावर. थोडा वेळ जाऊ दे."

धाकटीने कामात डोकं घातलं. फावल्या वेळात ती आपणच पूर्वी बसवलेल्या ठिकाणी जाऊन सगळं तपासून यायला लागली. शाळा झाली, गोदामं झाली, हॉटेलं झाली. मालक वैतागले. "झालेल्या कामावर परत परत काय जातेस? कुणाची तक्रार आलीय का?" तक्रार कुणाचीच नव्हती. तपासलेल्या एकाही ठिकाणी तिला चूक सापडली नाही. सगळीकडे प्रत्येक वायरलेस आपापल्या नंबराला नीट बांधलेलं होतं. परक्यांच्या घरी तिचा हात कुठेच चुकला नव्हता, आणि ते पाहून तिला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी जास्तच घुसमटायला व्हायचं. एखादी चूक सापडली असती तर निदान म्हणता आलं असतं की आपण आहोतच अशा वेंधळ्या.

एके दिवशी फोनवर थोरलीचा नंबर दिसला.

"सासूबाई पडल्यात," ती म्हणाली. काय कसं काही नाही, थेट. "मोठ्या दिरांकडे होत्या, त्यांनी हात वर केले. खुब्याचं हाड मोडलंय. इथे आणलंय, मागच्या खोलीत. ती डबी आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"नीट केलीस?"

"त्याच दिवशी."

"घेऊन ये."

धाकटी गेली, तेव्हा थोरली दारात उभी होती. वाळली होती, कानाशी केस पांढरे झाले होते. पाणी दिलं, बस म्हणाली नाही. धाकटीने डबी फळीवर ठेवली, बेल भिंतीला लावली आणि बटण मागच्या खोलीत नेलं. सासूबाई उशीला टेकून पडल्या होत्या. खोलीत दुसरी एक खाट टाकलेली होती, तिच्यावर थोरलीची चादर आणि उशी. तिच्या बाजूला भिंतीला लागून नवं मशीन, त्यात अर्धा शिवलेला शर्ट.

"तू इथेच असतेस?" धाकटीने विचारलं.

"मग कुठे असणार?"

"मग बेल कशाला, ताई?"

"मी स्वयंपाकघरात असले किंवा बाजारात गेले, तर घरात असेल त्याला कळायला." थोरली मागे वळली. "मी तिकडे जाते. वायर काढून परत लावेन. दिवा लागला की ओरडते. मग तू दाब."

तिने वायर काढली, लावली. धाकटीने दाबलं, बेल वाजली. तिने परत वायर काढली. बेल पुन्हा वाजली. अंगणाच्या त्या टोकाहून थोरलीचा आवाज यायचा, "दाब!" आणि हिने दाबायचं. सासूबाई आधी गंमत म्हणून बघत होत्या, मग कंटाळल्या, मग त्यांचा डोळा लागला आणि बेलने परत उघडला.

"बाई, वाजतेय की," त्या म्हणाल्या. "अजून किती वेळा?"

"ती पुरे म्हणेपर्यंत," धाकटी म्हणाली.

थोरलीने पुरे म्हटलं नाही. काही वेळाने तिचा आवाज यायचा थांबला. धाकटीने बटण सासूबाईंच्या हातात दिलं आणि जाऊन पाहिलं, तर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, वायरचं टोक हातात, आणि डबीकडे बघत होती.

"ताई, लावू का मी?"

"मी लावते. तू जा आता. उशीर होईल तुला."

धाकटीने चपला घातल्या. दारातून बाहेर पडून ती रस्त्याला लागते न लागते तोच मागे बेल कडाडली, लांबलचक. ती जागीच थिजली, आणि मग धावत सुटली. उघड्या दारातून, स्वयंपाकघरातून, अंगणातून, थेट मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

थोरली सासूबाईंच्या मानेखाली हात घालून त्यांना भांड्याने पाणी पाजत होती. तीही धावतच आलेली असणार; पदर खांद्यावरून घसरला होता. तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

"पाणी हवं होतं यांना," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. दोघींनाही धाप लागली होती. सासूबाईंनी भांडं रिकामं केलं. हनुवटीवर ओघळलेलं पाणी थोरलीने पदराने टिपलं, त्यांना कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी खोचली आणि मशीनवर जाऊन बसली.

"दार ओढून घे जाताना," ती शर्टाची बाही सरळ करत म्हणाली.

धाकटीने दार ओढून घेतलं. अंगण ओलांडेपर्यंत तिला मागून मशीनचा आवाज येत होता. थोडा वेळ चालायचं, थांबायचं, आणि पुन्हा चालायचं.